सात नंबरचं झाड

आमच्या कॉलेजात 'पृथ्वीचा इतिहास आणि जीवसृष्टी : प्राथमिक परिचय' नावाचा एक अभ्यासक्रम आहे. तो मी शिकवते. मुलं त्याला 'दगड-एक' म्हणतात. दगड-दोन अस्तित्वात नाही, पहिल्यातच सगळ्यांची हौस फिटते. कुठल्याही शाखेच्या मुलाला पदवी किंवा पदविका घेताना विज्ञानाचा एक तरी विषय घ्यावा लागतो आणि यात गणित नाही अशी अफवा आहे. दरवर्षी चाळीसेक जण येतात. त्यातल्या पाच-सहा जणांना विषय आवडतो, बाकीचे वेळेवर येतात एवढ्यावर मी खूश असते.

पहिल्या तासाला मी सेहेचाळीस मीटरची सुतळी व्हरांड्यात पसरते. पृथ्वीचं वय साधारण चारशे साठ कोटी वर्षं, म्हणजे एका मीटरला दहा कोटी. सुतळी प्रयोगशाळेच्या दारापासून निघते, ऑफिस आणि पाण्याची टाकी ओलांडून जिन्यापाशी संपते. चाळीस मीटर चालून झाले तरी डोळ्यांना दिसेल असा एक प्राणी भेटत नाही. मुलं कंटाळतात. मग सगळ्यांची एकदम गर्दी होते, आणि माणूस येतो तो शेवटच्या तीन मिलिमीटरांत. इथे सगळे फोटो काढतात आणि चहाला जातात.

त्या वर्षी सुतळीचं दुसरं टोक एका फरशीवाल्याने धरलं होतं. वय बेचाळीस, वर्गातल्या मुलांच्या दुप्पट. बांधकामाच्या पदविकेचे बाकीचे सगळे विषय त्याने चार वर्षांत एकेक करून काढले होते, हा शेवटचा राहिला होता. मी जिन्यापाशी पोचले तेव्हा तो माणसाच्या तीन मिलिमीटरांकडे बघत नव्हता. तो व्हरांड्याकडे बघत होता.

"बाई, या फरशीला दोन सुतांचा उतार आहे. आणि तोसुद्धा उलट्या बाजूला. पाणी वर्गात येत असेल."

पाणी वर्गात येतं. वीस वर्षं येतं. पण पहिल्याच दिवशी हे कुणी मला सांगावं, हे मला आवडलं नाही.

विद्यार्थी म्हणून तो बेताचाच होता. काळांची नावं त्याच्या डोक्यात राहत नसत. दगड मात्र हातात घेतला की तो खाली ठेवायला तयार नसे. ग्रॅनाइट दाखवून 'हा कसा तयार झाला?' असं विचारलं की 'हा ओट्याला लावतात, डाग पडत नाही' असं उत्तर यायचं. मी म्हणायचे, "मी कसा तयार झाला विचारलं, कुठे लावतात नाही." तो म्हणायचा, "हो हो, तेही सांगतो," आणि सांगायचा नाही. शिवाय तो वाद घालायचा. मला वाद घालणारी मुलं आवडतात असं मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते, त्याने ते खरं मानलं.

त्याचं काय पणाला लागलं होतं ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, कारण तो ते कुणालाही सांगत असे. त्याचे गुडघे गेले होते. बावीस वर्षं उकिडवं बसून फरशा बसवल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरने सांगितलं होतं, आणखी दोन वर्षं असंच बसलास तर काठी घ्यावी लागेल. ज्या कंत्राटदाराकडे तो काम करायचा, तिथे देखरेखीची एक जागा निघाली होती. उभं राहून करायचं काम. पण अर्जाला पदविका जोडायची होती आणि अर्जाची मुदत निकालानंतरच्या शुक्रवारी संपत होती. दगड-एकमध्ये पास झाला तर पदविका, नाही तर पुन्हा पुढच्या वर्षी सुतळी धरायची. पुढच्या वर्षी ती जागा राहणार नव्हती.

आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पंचवीस दगड मांडलेले असतात, प्रत्येकाला दोन गुण. एक गुण ओळखल्याचा, एक कारणाचा. पन्नासपैकी वीस मिळाले की पास. यात सात नंबरचा दगड नेहमी तोच असतो. तळहाताएवढा, पिवळसर करडा, चपटा, आणि त्यावर काळ्या रंगात उमटलेलं नेच्याचं नाजूक पान. एका देठाला फांद्या, फांद्यांना उपफांद्या, टोकाशी बारीक झालर. उत्तर : नेचा, वनस्पतीचा जीवाश्म. कारण : पान गाळाच्या थरात दबलं. सगळ्यांना येतं. नापास होणाऱ्यालाही हे दोन गुण मिळावेत म्हणून तो ठेवलेला आहे.

तो दगड माझ्या वडिलांना सापडला. ते अठ्ठावीस वर्षांचे होते, नुकतेच नोकरीला लागले होते, गावाबाहेरच्या खाणीत मुलांना घेऊन गेले होते आणि हा पायाशी पडलेला दिसला. त्याच्यावर त्यांनी या अभ्यासक्रमाचा तिसरा धडा रचला : 'आपल्या पायाखालचं जंगल'. पस्तीस वर्षं त्यांनी तो शिकवला, नंतरची एकोणीस वर्षं मी. दगड काचेच्या कपाटात असतो, खाली त्यांच्या हातची चिठ्ठी. कॉलेजात त्यांना मोठे सर म्हणतात. मला छोट्या बाई म्हणतात, आणि मी आता पन्नाशीला आले आहे.

फरशीवाल्याने सात नंबरला लिहिलं होतं : 'हे झाड नाही. चिरेतून पाणी गेलं त्याचा डाग आहे. पदराला आडवा आहे. पान पडलं तर पदरावर पडेल, पदराला आडवं कसं पडेल?'

मी शून्य दिलं. एकूण बेरीज झाली साडेअठरा.

गुण फलकावर लागले सोमवारी. बुधवारी बारा वाजता ते वर जातात, तोवर हरकत घेता येते. सोमवारी साडेअकराला फरशीवाला स्टाफरूमच्या दारात उभा. कामावरून आला होता, खांद्याला अवजारांची पिशवी, केसांत सिमेंट.

"बाई, बाकीचं चुकलं असेल. चुकलंच असेल. पण सातवा बरोबर आहे."

"तो दगड चोपन्न वर्षं कपाटात आहे," मी म्हणाले.

"कपाटात ठेवल्यानं दगड शहाणा होतो का?"

शेजारी बसलेल्या अर्थशास्त्राच्या बाईंनी हसू दाबलं. मला राग आला. खरं सांगायचं तर राग आल्यामुळेच मी उठले. त्याला भिंगातून दाखवावं, गप्प करावं आणि घरी पाठवावं, एवढाच माझा विचार होता. मी कपाट उघडलं, दगड खिडकीपाशी नेला आणि भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने ते परत माझ्या हातात दिलं.

"तुम्हीच बघा. झाडाकडे नका बघू, झाडाच्या मागं बघा."

झाडाच्या मागे मी कधी बघितलं नव्हतं. कुणीच बघत नाही, झाड इतकं सुंदर आहे. मागे दगडात बारीक, फिकट रेघा होत्या, एकाखाली एक, वहीच्या पानासारख्या. ते थर होते. गाळ साचत गेला त्याचे थर. ते झाडाच्या देठाला काटकोनात छेदून या बाजूने त्या बाजूला जात होते. पान गाळात पडतं तेव्हा थरावर सपाट निजतं. हे उभं होतं, अनेक थर कापत. म्हणजे ते नंतर पडलेल्या भेगेत होतं. त्याच्यात शिराही नव्हत्या. मँगनीजचं पाणी भेगेत झिरपलं की अशीच झाडं उमटतात, त्यांना डेंड्राइट म्हणतात, आणि ती पाहून फसू नये हे दगड-एकच्या पाचव्या धड्यात मी स्वतः शिकवते. चित्र दाखवून शिकवते.

"आम्हाला अशा फरश्या लई येतात," फरशीवाला म्हणाला. "गिऱ्हाईक खूश होतं, म्हणतं दगडात झाड आहे. आम्ही न्हाणीघरात ती लावत नाही. जिथं झाड तिथं चीर, तिथं पाणी आत जातं."

"आधी का नाही बोललात? तिसऱ्या धड्याला?"

"तेव्हा तुम्ही लांबनं दाखवला. परीक्षेला पहिल्यांदा हातात आला."

हे खरं होतं. फुटेल म्हणून मी तो वर्गात फिरवत नसे.

आता दोन वाटा होत्या. एक म्हणजे गुपचूप इकडे अर्धा, तिकडे अर्धा वाढवून त्याला वीसवर न्यायचं. सगळे करतात. सोमवारी दुपारी मी त्याची उत्तरपत्रिका घेऊन बसले, दोनदा पेन उचललं. पण ज्या दगडाखाली त्याने 'चांगला दगड' एवढंच लिहिलं होतं, त्याला अर्धा गुण तरी कोणत्या तोंडाने द्यायचा? दुसरी वाट सरळ होती. सातव्या प्रश्नाचं आदर्श उत्तर बदलायचं. त्याला दुसऱ्या परीक्षकाची सही लागते. दुसरा परीक्षक बाहेरचा लागतो, आणि निवृत्त माणसाला आमच्याकडे बाहेरचा धरतात. माझे दुसरे परीक्षक म्हणजे मोठे सर. बाप-लेक दोघंही एकाच पेपरचे परीक्षक, आणि आमच्या कॉलेजात याला कुणी नातं म्हणत नाही, परंपरा म्हणतात.

घरी मी बाबांना काही सांगितलं नाही. धीर झाला नाही. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला रात्रीच्या जेवणात हे वाढायचं नसतं. एवढंच म्हटलं की बुधवारी सकाळी एक हरकत आली आहे, यावं लागेल. "कुणाला दोन गुणांची हाव सुटली?" ते म्हणाले, आणि बुधवारी दहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत प्रयोगशाळेत हजर झाले.

कॉलेजात मी त्यांना सर म्हणते. मी दगड समोर ठेवला, भिंग ठेवलं, उत्तर वाचून दाखवलं. बेरीज दाखवली नाही. ज्याचे गुण ठरवायचे त्याची बेरीज आधी बघायची नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

त्यांनी पाच मिनिटं भिंगातून पाहिलं. मग दगड फिरवून पाहिला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. त्यांचा चेहरा मी ओळखते. त्यांना दिसलं होतं. पण दिसणं आणि मानणं यात त्यांचं आयुष्य होतं, आणि ते उत्तरपत्रिकेकडे वळले.

"डेंड्राइट हा शब्द कुठे आहे?"

"नाही लिहिलेला."

"मग ओळखल्याचा अर्धाच. पाण्याचा डाग म्हणणं पुरेसं नाही." त्यांनी समासात अर्धा लिहिला. "आणि कारण. पदर? हा काय शब्द आहे? आपला शब्द थर आहे. आदर्श उत्तरात स्पष्ट म्हटलंय, थर या शब्दाचा उल्लेख आवश्यक. याचाही अर्धाच."

अर्धा आणि अर्धा एक. साडेअठरा आणि एक, साडेएकोणीस.

"सर, पदर म्हणजे थरच."

"कशावरून? त्याला तेच म्हणायचंय हे तू ठरवणार की तो?"

"त्यालाच विचारा. बाहेर उभा आहे."

फरशीवाला आत आला. पिशवी दाराशी ठेवली, मोठ्या सरांना वाकून नमस्कार करायला गेला, गुडघा अर्ध्यावर अडकला, तसाच सरळ झाला. बाबांनी ते पाहिलं की नाही, मला कळलं नाही.

"पदर हा शब्द कुठल्या पुस्तकात वाचलास?"

"पुस्तकात नाही सर. आम्ही सगळे पदरच म्हणतो. दगड पदरा-पदरानं बनलेला असतो."

"या दगडाचा पदर कुठे आहे?"

त्याने दगड उचलला, अंगठा कडेवरून सावकाश फिरवला. झाडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका जागी नख लावून थांबला. "हा बघा. इथनं असा सरळ जातो."

"हे मत झालं. पुरावा काय?"

"फोडला तर इथनंच फुटेल."

"फोड," बाबा म्हणाले.

मी म्हणाले, "सर, दगड कॉलेजच्या नोंदवहीत आहे."

"नोंद माझीच आहे. फोड."

थबकला तो फरशीवालाच. वाद घालायचं त्याला व्यसन, पण आता त्याचा आवाज खाली आला. "सर, फोडलेला जुळत नाही. एक गुणाची बात आहे. नीट इचार करा."

"पदर म्हणजे थर असेल तर सरळ फुटेल. नसेल तर कसाही फुटेल. मला बघायचंय."

त्याने पिशवीतून छिन्नी आणि लहान हातोडी काढली. टेबलावर पोतं अंथरलं, दगड उभा धरला, आणि एकदा फार हळू, एकदा जरा हळू, असे दोन ठोके दिले. तिसऱ्याला दगड उघडला. आवाजसुद्धा झाला नाही. दोन तुकडे, मधला पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ, जणू कापलेला. झाड मधोमध दुभंगलं होतं. अर्धं या तुकड्याच्या कडेला, अर्धं त्या. आतमध्ये काही नव्हतं. काळा रंग बाहेरच्या सालीपुरताच होता, नखाच्या पापुद्र्याइतका.

बाबांनी एक तुकडा उचलला आणि आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी धूळ लागली. ती त्यांनी बराच वेळ पाहिली. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, आणि त्यांना ते चालणार नाही हेही कळत होतं, म्हणून मी जागची हलले नाही.

"पदर," ते म्हणाले. "चांगला शब्द आहे. थरापेक्षा बरा आहे." समासातला दुसरा अर्धा खोडून त्यांनी तिथे एक लिहिला. खाली सही केली, तारीख टाकली, मग पहिल्या पानावरची बेरीज स्वतः केली. साडेअठरा आणि दीड. वीसचा आकडा लिहून झाल्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

फरशीवाल्याने टेबलापलीकडून आकडा उलटा वाचला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो तसाच उभा राहिला, सिमेंटने पांढरी झालेली बोटं डोळ्यांवर. मग हात काढले आणि म्हणाला, "सर, पण अर्धा का कापला?"

"त्याला डेंड्राइट म्हणतात."

"मग या दगडापाशी एकदा तरी सांगायचं होतं."

"आम्हाला माहीत नव्हतं," बाबा म्हणाले.

अवजारं गोळा करून, पोतं झटकून, टेबलावरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसून फरशीवाला गेला. साडेअकराला मी गुणपत्रिका बंद करून ऑफिसात दिली. कारकुनाने बदल पाहून भुवया उंचावल्या, सही पाहून खाली केल्या. परत आले तर बाबा तिथेच, त्याच खुर्चीत होते. समोर दोन तुकडे. त्यांनी ते एकमेकांना जोडून पाहिले होते, आणि पुन्हा वेगळे ठेवले होते.

"दोन हजारांवर मुलं झाली असतील," ते म्हणाले. "तुझी आणि माझी मिळून."

"हो."

"पायाखालचं जंगल." ते हसायला गेले, जमलं नाही. "याआधी कुणी लिहिलं होतं का गं, असं?"

उत्तरपत्रिका तीन वर्षांनी रद्दीत जातात. माहीत नाही असं म्हटलं असतं तर कुणी तपासू शकलं नसतं. बाबांनाही तेच बरं वाटलं असतं.

"एकीने लिहिलं होतं," मी म्हणाले. "नऊ वर्षं झाली. मागच्या बाकावर बसायची, कधी बोलायची नाही. लिहिलं होतं, ही वनस्पती वाटत नाही, हिच्यात शिरा दिसत नाहीत."

"मग?"

"एका गुणाने राहिली. हरकत घ्यायला आली नाही. पुन्हा बसलीही नाही."

बाहेर व्हरांड्यात तासाची घंटा झाली, मुलं बोलत बोलत गेली. मला लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

"तू काय केलं होतंस?"

"शून्य दिलं, बाबा. आणि बाजूला लाल पेनाने लिहिलं, 'नीट पाहा'."